भिंतीपलीकडं कोण राहतं?

अक्का, खोलीचं अजून ठरलेलं नव्हतं. तुम्ही फोनवर विचारलंत, "ठरलं का?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं. ठरव." आणि फोन ठेवलात. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. त्यात निरोपासारखं काही नव्हतं. तुमच्या मागे कुकरची शिट्टी झाली होती, आवाज नेहमीचा होता, आणि मला वाटलं होतं की रविवारी पुन्हा फोन करून वाद घालता येईल.

भेटायला येणारे लोक तुमच्या शाळांबद्दल, तुमच्या शिस्तीबद्दल, तुम्ही शिकवलेल्या मुलांबद्दल बोलतात. ते सगळं खरंच आहे, आणि ते लिहिणारे पुष्कळ जण आहेत. मला आपला राहिलेला वाद पुरा करायचा आहे. तुमच्याशिवाय तो करायची मला भीती वाटते, कारण आता तुमच्या बाजूनंही मलाच बोलावं लागतं.

आजवर मी एका खोलीत एकटी झोपलेली नाही. लोहाऱ्याला दुकानामागच्या घरात आम्ही सगळे एका ओळीत अंथरुणं टाकून झोपायचो. पुण्याला फ्रेंच शिकायला गेले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत तिघी होतो, आणि सुट्टीत दोघी घरी गेल्या की मीही बॅग भरून एसटी पकडायचे. हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच फ्रान्समधल्या त्या छोट्या गावाच्या शाळेत माझी निवड झाल्याची बातमी सांगितली, तेव्हा तुम्ही कौतुक करायच्या आधी विचारलंत, "राहणार कुठं?"

काम काय ते मी तुम्हाला समजावून सांगितलं. तिथली मुलं इंग्रजी शिकतात. त्यांच्या बाईंच्या हाताखाली मी सहायक म्हणून तासाला उभं राहायचं, मुलांशी बोलायचं, त्यांना बोलतं करायचं. शाळेचं एक वर्ष. तुम्ही मान हलवलीत. "काम येईल तुला. काम सगळ्यांना येतं. राहणार कुठं ते सांग." शाळा खोली देत नाही, ज्यानं त्यानं आपलं बघायचं असतं, असं मी म्हटल्यावर तुमचे डोळे एकदम तरतरीत झाले. बदलीवर जाणाऱ्या शिक्षिकेचे डोळे. तुम्ही पंखा बंद केलात, कारण पंख्याच्या आवाजात तुम्हाला विचार करता यायचा नाही, आणि मला टेबलाशी बसवलंत.

तो धाराशिवचा मे महिना होता. पंखा बंद म्हणजे शिक्षाच. तरी मी घामाघूम होऊन मोबाइलवर एकेक जागा दाखवत बसले.

पहिली जागा शाळेचंच वसतिगृह. वेगळं भाडं भरलं तर वरच्या मजल्यावर एक खोली मिळण्यासारखी होती. फाटक, पहारेकरी, खाली जेवणाची मेस. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, ही जागा इतकी आवडली होती की तिनं फोटोतल्या फाटकालाच नमस्कार केला होता. "वॉचमन हाय ना? मग झालं की." तुम्ही मात्र विचारलंत, "सुट्टीला पोरं घरी जातात?"

"जातात. शुक्रवारी संध्याकाळी सगळी जातात."

"मग शनिवारी त्या इमारतीत कोण?"

मी म्हटलं, कोणी नाही. पहारेकरी फाटकावर.

"म्हणजे तू आणि रिकाम्या खाटा," तुम्ही म्हणालात. "पुढचं दाखव."

दुसरी जागा मला हवी होती. गावाबाहेर एका म्हाताऱ्या बाईंचं बागेचं घर. त्यांना सोबत पाहिजे होती, मला आसरा. एक खोली माझी, स्वयंपाकघर दोघींचं, आणि मी मांस खात नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं की माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवतील. वेगळ्या भांड्याचं ऐकून अप्पाही विरघळले होते. त्या दिवशी बाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरलेलंच होतं. तुम्ही विभूती पुन्हा ठळक लावून, पदर नीट करून माझ्या शेजारी खुर्ची ओढलीत.

बाईंनी घर दाखवलं. चूल, बिछाना, खिडकी, पुस्तकांचं कपाट. मी हरखून गेले होते. तुम्ही माझ्या दंडाला बोट लावलंत. "विचार, शेजारी कोण राहतं?"

"अक्का, असं नाही विचारत तिथं."

"तू विचार. मी विचारायलेय म्हणून सांग."

मी विचारलं. माझी आत्या विचारते आहे, शेजारी कोण राहतं. बाई हसल्या. त्यांना वाटलं, मुलीच्या घरची माणसं आहेत, वस्ती चांगली आहे ना याची काळजी करतात. त्यांनी फोन घेऊन खिडकी उघडली आणि आम्हाला सगळीकडून फिरवून दाखवलं. झाडं, कुंपण, पुन्हा झाडं, लांब कुठंतरी एक छप्पर. "कोणीसुद्धा नाही," त्या अभिमानानं म्हणाल्या. "इतकी शांतता तुम्हाला कुठं मिळणार नाही."

मी भाषांतर करून सांगितलं. तुम्ही हात जोडून बाईंना नमस्कार केलात, त्यांनी आपुलकीनं हात हलवला, आणि फोन बंद झाल्या झाल्या तुम्ही म्हणालात, "शांतता विकायलीय बाई. गुणाची आहे, पण वय काय तिचं? रात्री ती पडली तर तू धावशील. तू पडलीस तर कोण?"

मी चिडले. मी म्हटलं, मी कशाला पडेन, मी तरुण आहे. तुम्ही म्हणालात, "तिसरं."

तिसरी जागा मी दाखवणारच नव्हते. गावाच्या मधोमध, एका बंद पडलेल्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याची इमारत. एक खोली, तिच्यातच ओटा, आणि मी एकटी. मालकानं प्रामाणिकपणे आधीच लिहिलं होतं की भिंत पातळ आहे. पलीकडे एक बाई लहान मुलासह राहते, मुलाचं रडणं, टीव्ही, सगळं ऐकू येतं. नंतर तक्रार चालणार नाही. शिवाय जिन्यातला दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो. त्या दिव्याचं वाचल्यावरच मी ती जागा मनातून काढून टाकली होती. हातात पिशव्या, अर्धा जिना चढलेली मी, आणि अंधार. मला ते चित्र अगदी स्वच्छ दिसलं होतं.

तुम्ही मालकाचं लिहिणं मला दोनदा वाचून दाखवायला लावलंत. "पातळ भिंत आहे असं तोच म्हणतोय?"

"हो."

"रडणं ऐकू येतं?"

"हो, अक्का. म्हणूनच स्वस्त आहे."

"ही घे."

मला हसूच आलं. "अहो, झोप कशी लागेल?"

"लागेल," तुम्ही म्हणालात. "तिथंच लागेल."

यापुढं तुम्ही काही सांगायला तयार नव्हता. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, स्वतःचं दार असावं. मी म्हटलं, दार वसतिगृहालाही आहे. तुम्ही म्हणालात, बाजारपेठ जवळ आहे. मी म्हटलं, म्हाताऱ्या बाईंच्या दारात बस थांबते. तुम्ही दर वेळी नवं कारण काढलंत, आणि एकही कारण तुमच्यासारखं नव्हतं. शाळेत उत्तर न येणारा मुलगा जशी इकडची तिकडची वाक्यं जोडतो, तसं चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला जमलं एकटं राहायला. तुम्ही धीट आहात. मी नाही." तुम्ही उठून पंखा लावलात आणि म्हणालात, "सरबत घेतेस?"

धीट. हा शब्द आमच्या घरात तुमच्यासाठीच ठेवलेला होता. तुम्ही अप्पांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझी आत्या, पण मास्तरीण झाल्यापासून तुम्ही सगळ्यांच्याच अक्का झालात, आणि अप्पासुद्धा तुम्हाला अहोजाहो करायला लागले. तेरखेड्याची गोष्ट तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. पहिलीच नेमणूक, लग्न न झालेली पोर, गावात फटाक्यांचे कारखाने. मुख्याध्यापकांनी शाळेच्या आवारातली नवी, मोकळी खोली देऊ केली, ती तुम्ही नाकारलीत आणि दाट आळीत, दोन घरांच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली खोली घेतलीत. गावातली माणसं म्हणाली, बाई लई धीट, पुढाऱ्यागत गावाच्या मधोमध जाऊन बसली. पुढं तेरला बदली झाली तिथंही तसंच. सगळे नदीकडच्या हवेशीर घरांचं सांगत होते, तुम्ही पेठेतली खोली घेतलीत. आम्हाला वाटायचं, तुम्हाला माणसांत राहायला आवडतं. तुम्ही आम्हाला तसं वाटू दिलंत.

मग जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून कुठंच नव्हता, सकाळी अप्पांना फोन आला.

धाराशिवला नळ येतो त्या दिवशी गल्ली पहाटेच उठते. हंडे, बादल्या, टाक्यांना लावायचे पाइप, सगळ्यांची एकच घाई. शेजारच्या नूरजहाँ भाभींनी नेहमीप्रमाणे तुम्हाला हाक मारली, अक्का, नळ आला. तुमचं दार उघडलं नाही. नळ आलेला असताना तुमचं दार बंद, हे त्या गल्लीत कधी घडलेलं नव्हतं. भाभींनी पाण्याचा पाइप तसाच रस्त्यावर टाकून दिला. त्यांच्या मुलानं खिडकीचा गज वाकवून आत हात घातला आणि कडी काढली.

डॉक्टर म्हणाले, रात्रीच कधीतरी, हृदय. झोपेतच गेल्या, असं सगळे एकमेकांना सांगत होते, आणि मीही तेच धरून बसले.

आपल्यात जाळत नाहीत. तुम्हाला मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. लोहाऱ्याच्या शेतात आजोबांच्या शेजारी तुमची जागा काढली होती. स्वामी मंत्र म्हणत होते, बेलाची पानं वरून पडत होती, आणि मी खड्ड्याच्या कडेला उभी राहून बघत होते की तुम्ही बसलेल्या आहात. वर्गात पेपर तपासत बसावं तशा. माती पडायला लागली तेव्हा मला भलतंच वाटलं. वाटलं, अक्कांनी इथं तरी विचारलं असतं, शेजारी कोण. आणि लगेच मनात उत्तर आलं की शेजारी तुमचे वडील आहेत. त्यानं जरा बरं वाटलं. रडू मात्र नंतर आलं, घरी, तुमची चप्पल कुणीतरी पिशवीत घालून आणली होती ती पाहिल्यावर.

त्यानंतरचे दिवस भीतीचेच होते. दुःखाला माणसं जागा देतात, बाजूला बसतात, पाणी देतात. भीतीचं तसं नसतं. ओसरीवर बसलेल्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, एकटी राहिली आणि एकटीच गेली गं. त्यात वाईट हेतू नव्हता, पण ते वाक्य आतल्या खोलीत माझ्यापर्यंत यायचं आणि मी त्या जिन्यात उभी राहायचे. दिवा विझलेला. वर खोली, आतून कडी. मी विचार करायचे की तिथं तर नळाला पाणी कायम असतं. कोण हाक मारणार? कुणाला कळणार? शाळेतल्या बाईंना वाटेल, आजारी असेल. अव्वाला वाटेल, फोनला रेंज नसेल. हे मी कुणाला सांगितलं नाही. पुस्तक उघडून बसायचे आणि एकाच पानावर राहायचे.

अप्पांनी एका संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि माझ्यापुढं येऊन बसले. "हे बघ स्नेहल. अक्कांचं बघितलंस. म्या लई काही बोलत न्हाय. जायचं असंल तर त्या शाळेतल्या होस्टेलात राहायचं. न्हाय तर जायचं न्हाय."

मी म्हटलं, सुट्टीत तिथं कोणी नसतं.

"वॉचमन असतोय."

मला तुमच्यासारखं बोलता आलं नाही. मी म्हटलं, बघते. आणि खरं सांगते अक्का, मला सुटल्यासारखं वाटलं. वाद संपला, तुम्ही हरलात, आता हट्ट धरणारं कोणी नाही. तुमचा मुद्दा तुमच्याच मरणानं खोडून काढला होता. ती खोली तुम्हाला इतकी हवी होती आणि तशाच खोलीत तुमचं असं झालं. दोन दिवसांत वसतिगृहाला होकार कळवायचा होता. मी मजकूर लिहून ठेवला, पाठवायचा तेवढा राहिला.

ती मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही तुमचं घर आवरायला धाराशिवला आलो. अप्पा भांडी बाहेर काढत होते, टेम्पोवाला अंगणात विडी ओढत होता. मला पुस्तकांना हात लावायचा धीर होईना, तेवढ्यात भाभींनी भिंतीवरून मान काढून बोलावलं. "ए बेटा, इकडं ये. चहा घे आधी."

त्यांच्या खोलीत शिलाई मशीन तुमच्या भिंतीला लागूनच आहे. कापडांचा ढीग, फॉल लावायला आलेल्या साड्या, आणि मशीनच्या डोक्याजवळ भिंतीचा रंग एका ठिकाणी घासून गेलेला. मी स्टुलावर बसले. त्या चहा ओतत म्हणाल्या, "परदेशाला चाललीस म्हणं. तुझी अक्का सांगत होती. खोलीचं भांडण चाललंय म्हणाली."

"भांडण नाही, भाभी. त्या म्हणत होत्या, एकटीनं राहा. मला भीती वाटते. मी काय त्यांच्यासारखी धीट आहे?"

भाभींनी गाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी काही अपशब्द बोलले की काय असं मला वाटलं.

"कोण धीट?"

"अक्का."

"या अल्ला. पोरी, तुझ्या घरात कुणालाच माहीत न्हाय का? अक्का लई घाबरायच्या. रात्रीच्या तर लईच."

मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय.

"दुसरं कोण? इथं राहायला आल्या ना, त्याच सांजच्याला माझ्या दारात. हातात वाटी. मला वाटलं, साखर मागायला आली मास्तरीण. तर वाटीत पेढे. आणि म्हणल्या कशा, भाभी, मला एकटीला रात्री भीती वाटती. दिवा मालवला की मी भिंतीवर दोनदा वाजवीन, तुम्ही एकदा वाजवा. मग मला झोप येती. म्या आधी हसले. म्हणलं, शाळेची बाई आणि हे काय. पण त्या हसल्या न्हाईत. तशाच हुभ्या."

"मग?"

"मग काय. तवापासनं रोज. आमचे हे होते तवा ते चिडवायचे मला. जा, तुझ्या मैतरणीची हजेरी घे म्हणायचे. कधी म्या कापड बेतत बसले की तेच उठून वाजवायचे. एकदा तीन वेळा वाजवलं मुद्दाम, तर सकाळी अक्का दारात. म्हणल्या, भाईसाब, हजेरी एकदाच असती." त्या हसल्या आणि मशीनवरच्या साडीला डोळे पुसले. "तेरखेड्याला, तेरला, सगळीकडं असंच केलं म्हणल्या. भिंत बघून खोली घेतली. पलीकडं कोण ते आधी, मग खोली."

चहा माझ्या हातात गार झाला. मला तुमची ती सगळी कारणं आठवली, स्वतःचं दार, बाजारपेठ, आणि मग पंखा लावून सरबत विचारणं. तुम्हाला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. ते तुम्ही प्रत्येक नव्या गावात एका परक्या बाईला म्हणू शकलात. रक्ताच्या माणसांपैकी एकालाही म्हणू शकला नाहीत. आम्ही तुम्हाला धीट म्हणून म्हणून ती वाट बंद केली होती का, अक्का?

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. "त्या दिवशी वाजवलं होतं?"

"वाजवलं ना. उन्हाळ्यात लवकर वाजवायच्या. कूलर लावायच्या आधी. त्यांनी दोनदा, म्या एकदा."

"आणि मग?"

"मग म्या कूलर लावला."

बाहेर अप्पा टेम्पोवाल्याला पातेली कशी रचायची ते सांगत होते. मग भाभी माझ्याकडं न बघता बोलल्या, "तुम्हाला सगळ्यांना सांगितलं की पलंगावर होत्या. पलंगावर न्हाय, बेटा. खाली होत्या. या भिंतीला टेकून बसलेल्या. म्याच पोराला म्हणलं, उचलून वर ठेव, लोक येतील." त्यांनी रंग उडालेल्या जागेवर हात ठेवला. "पाणी प्यायला उठल्या असतील आणि बसल्या असतील. असं असंल. कूलरचा आवाज लई असतोय."

मी त्यांचा दुसरा हात धरला. मीही त्या जागेवर हात ठेवला. भिंत उकाड्यानं तापलेली होती, पलीकडून अप्पांच्या भांड्यांचा आवाज अगदी स्पष्ट येत होता.

टेम्पो पुढं गेला, आम्ही दोघं एसटीनं निघालो. बसमध्ये मी अप्पांना सांगितलं. पलंगाचं सांगितलं नाही. भिंतीवर वाजवण्याचं सांगितलं.

"अक्कांना भीती? गप," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत राहिले. तुळजापूर मागं पडल्यावर बोलले. "ल्हानपणी गोठ्याकडं अंधारात जायचं म्हणलं की मी हिचा हात धरायचो. हिच्या भरवशावर जायचो आम्ही सगळी." तुमची नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच ते तुम्हाला अहोजाहो न करता बोलत होते. "मग ती कुणाच्या भरवशावर जात होती, काय की."

मी म्हटलं, "अप्पा, मी ती पातळ भिंतीची खोली घेते."

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. तिकीट बोटांत गुंडाळत बसले.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं. "होस्टेलातही वाटणार, त्या बाईंच्या बागेतही वाटणार. इथं निदान पलीकडं कोणीतरी आहे."

"मला बी वाटती," अप्पा म्हणाले. इतक्या हळू, की पुढच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोराच्या आईचं नाव काय हाय? विचार आधी मालकाला."

मी विचारलं. वसतिगृहाचा होकार पुसून टाकला, मालकाला लिहिलं की खोली हवी आहे आणि शेजारच्या बाईंचं नाव कळवा. त्याला ते विचित्र वाटलं असावं. त्यानं भिंतीची पुन्हा आठवण करून दिली, मूल रात्री उठतं हेही लिहिलं, आणि शेवटी नाव. सेलीन. अव्वाला ते म्हणता येत नाही, ती शैलजा म्हणते. देवापुढं बसल्यावर तुमच्या नावानंतर आता शैलजाचं नाव घेते, तिचं मूल सुखी राहू दे म्हणते, म्हणजे ती घर बदलून जाणार नाही.

खोली ठरली, अक्का. तुम्ही जिंकलात, पण मला त्याचा आनंद धड होत नाही. कारण तुमची रीतही शेवटी पुरी पडली की नाही, हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही पाणी प्यायला उठलात की भिंतीकडं म्हणून उठलात, तुमचा हात वर गेला होता की नव्हता, हे मी दिवसातून कितीतरी वेळा वेगवेगळं ठरवते. सकाळी मला वाटतं, पाणीच. संध्याकाळी तसं वाटत नाही. भाभींचाही असाच दिवस जात असणार. त्यांनी कूलर लावायचं बंद केलंय, असं त्यांचा मुलगा सांगत होता. उकाड्यात तशाच झोपतात.

तरीही इतकी वर्षं, तेरखेड्यापासून धाराशिवपर्यंत, तुम्हाला रोज झोप लागली, हेही खरं. कुणीतरी रोज उठून उत्तर दिलं. ती माणसं आम्ही नव्हतो. ज्यांनी ते दिलं त्यांचे मी आभार कसे मानू ते मला कळत नाही, बहुतेकांची तर नावंही मला ठाऊक नाहीत.

मी सप्टेंबरच्या अखेरीस निघणार. व्याकरण, उच्चार, वर्गात काय बोलायचं, याची तयारी झाली आहे. त्याची मला काळजी नाही. काळजी एका वाक्याची आहे. पोचल्यावर बॅग खोलीत ठेवायची, आणि जिन्यातला दिवा विझायच्या आत शेजारचं दार वाजवायचं. एक अनोळखी तरुण बाई दार उघडेल, कडेवर मूल असेल, बहुधा दमलेली असेल. तिला सांगायचं की मी शेजारी राहायला आले आहे आणि मला एकटीला रात्री भीती वाटते. फ्रेंचमध्ये ते फार अवघड नाही, पहिल्या वर्षाचे शब्द आहेत. मी दार लावून मोठ्यानं म्हणून बघते. पहिला भाग नीट येतो. दुसऱ्या भागाला आवाज बसतो. आज सकाळीही बसला. उद्या पुन्हा म्हणून बघेन.